उत्तर: पूरछावणीतला जुलाब आणि १९७१ चा धडा
चिकोडी-अथणीच्या (जि. बेळगाव) पूरछावण्यांनी निर्वासित छावण्यांकडून काय शिकावं, असा प्रश्न आहे. आधी जुलाब आवरायला शिकावं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून (आजचा बांगलादेश) सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत जुलाबाच्या रुग्णांना शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले!

असंच मिश्रण करायची तयार ओआरएसची (जलसंजीवनी) पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चुकतं ते मिठातच. शीग लावून घातलं की लेकराच्या अंगातलं पाणी आणखी ओढलं जातं. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर सरळ ओतून द्या. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पाजा.