पर्सियसची झुकलेली नजर
ग्रीक पुराणातल्या पर्सियस या वीराने मेदूसा या राक्षसिणीचं डोकं कापलं. चेल्लीनी या इटालियन शिल्पकाराच्या ब्राँझ पुतळ्यात पर्सियसची नजर खाली झुकलेली आहे, ती म्हणजे पश्चात्ताप, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. मेदूसाकडे पाहील तो दगड होतो, म्हणून तिचं डोकं उंच धरूनही तो स्वतः तिकडे बघत नाही. हा पुतळा १५५४ मध्ये फ्लॉरेन्सच्या चौकात उभा राहिला, तेव्हा समोर मायकेलअँजेलोचा डेव्हिड आणि बांदिनेल्लीचा हर्क्युलिस होते. दोघेही संगमरवरी, जणू तिच्याच नजरेने दगड झालेले! पर्सियसही संगमरवरी असता तर हा अर्थ निघालाच नसता. मेदूसाच्या मानेतून लोंबणारे रक्ताचे जाड ओघळ जवळून बघा. इतकं अधांतरी काम दगडात मोडून पडतं, ब्राँझ ते पेलतं.

आता ओतकामाबद्दल. वितळलेल्या ब्राँझचा रस भट्टीतच गोठायला लागला, तेव्हा घरातली कथलाची सुमारे २०० ताटं-वाट्या आपण त्यात टाकली, असं चेल्लीनीने आत्मचरित्रात लिहिलंय. कथील वाढलं की मिश्रधातूचा वितळबिंदू उतरतो आणि रस पातळ होऊन साच्यात नीट धावतो. वरचं मेदूसाचं डोकं छान उतरलं. उजव्या पावलाची बोटं मात्र भरली नाहीत, कारण साच्याच्या तळापर्यंत पोचेस्तोवर रसात पुरेसा ताप उरत नाही. ती नंतर वेगळी बनवावी लागली.