किडनीचं संशोधन आणि 'निष्काळजी' पेशंट

सांगलीची

डायबेटिसच्या एका गटावर एक पोस्ट फिरते आहे. थोडक्यात मजकूर असा: "किडनीसाठी एसजीएलटी-२ गटाच्या (मुळात डायबेटिसच्या) गोळ्या आल्या, स्वस्त झाल्या, डायलिसिसही सरकारी योजनेत बसतं. तरी कुणी मशीनपर्यंत पोचत असेल तर तो निव्वळ निष्काळजीपणा. संशोधनाने आपलं काम केलं, आता पेशंटने करावं." खाली अंगठ्यांची रांग. उत्तर लिहायला घेतलं तर कॉमेंट बंद. म्हणून इथे लिहिते.

माझा नवरा कारखान्यात फिटर होता. दरवर्षी कंपनीचं मेडिकल व्हायचं. बीपी, शुगर, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून काढते तो कचरा), छातीचा फोटो, सगळं. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनी बिघडू लागली की लघवीतून जाणारं प्रथिन, एकदाही तपासलं गेलं नाही. क्रिएटिनिन नॉर्मलच्या चौकटीतून बाहेर पडेपर्यंत किडनीचं निम्म्याच्या आसपास काम गेलेलं असू शकतं, हे आम्हाला डायलिसिससाठी मानेत कॅथेटर (नळी) घातल्यावर कळलं. यात निष्काळजी कोण?

आता तुमचं ते संशोधन. त्याच गटातल्या डॅपाग्लिफ्लोझिन गोळीची डापा-सीकेडी चाचणी 2020 मध्ये वेळेआधीच थांबवली, कारण फायदा स्पष्ट दिसत होता. 4304 लोक होते. चांगलंच झालं, मला आनंद आहे. पण त्यात घेतलेल्यांचा जीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, 25 ते 75 होता. डायलिसिसवरचा माणूस त्यात नव्हताच. 'संशोधनाने काम केलं' म्हणताना कुणासाठी केलं तेही सांगा.

आमचे नातेवाईक अजून ऐकवतात, "डायलिसिस लवकर सुरू केलं असतं तर तब्येत टिकली असती." ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 828 लोकांवर नेमकं हेच तपासलं होतं, 2010 मध्ये निष्कर्ष आला. लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही. हा कागद कुणी वाचत नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

मला हवं आहे ते वेगळंच. चार तासांनी नवरा मशीनवरून उतरतो, वजनकाट्यावर उभा राहतो, ड्राय वेटच्या (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरच्या वजनाच्या) वर किती राहिलं ते बघतो आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. त्या दिवशी घास जात नाही. हा थकवा कसा कमी होईल, यावर किती अभ्यास झाले? सॉन्ग नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात डॉक्टरांसोबत पेशंटना आणि घरच्यांनाही विचारलं, की हिमोडायलिसिसच्या प्रत्येक चाचणीत काय मोजलंच पाहिजे. मृत्यू, हृदयविकार आणि फिस्टुलाच्या (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) बरोबरीने थकवा आला. म्हणजे विचारलं की कळतं. विचारतच नाहीत.

नेफ्रो_निवासी

ताई, पोस्टची भाषा वाईट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तुमच्या रागात पोस्टमधला खरा मुद्दा वाहून जातो आहे.

मी सरकारी रुग्णालयात किडनी विभागात काम करतो. रात्री धाप लागलेला माणूस येतो, क्रिएटिनिन नऊ-दहा (निरोगी माणसात एकच्या आसपास). जुनी फाइल उघडली की त्यात सहा वर्षांपूर्वीचा लघवीचा रिपोर्ट, 'प्रोटीन दोन प्लस'. कुणीतरी त्यावर बरोबरची खूणही केलेली. लोसार्टान या बीपीच्या गोळीने किडनी वाचते हे 2001 पासून माहीत आहे. गोळी जुनी, स्वस्त. तरी ती सुरू नसते, किंवा सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर गेलं म्हणून कुणीतरी घाबरून बंद केलेली असते. त्याऐवजी गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र वर्षानुवर्षं चालू.

डायलिसिसवाल्यांवर संशोधनच नाही, हेही बरोबर नाही. 2023 चा कन्व्हिन्स अभ्यास बघा. 1360 पेशंट, हिमोडायफिल्ट्रेशन (डायलिसिसचाच, जास्त द्रव गाळणारा प्रकार) विरुद्ध नेहमीचं हाय-फ्लक्स डायलिसिस. मृत्यूचा धोका 23 टक्क्यांनी कमी.

सांगलीची

बरं, आहे संशोधन. ते हिमोडायफिल्ट्रेशनचं मशीन आमच्या तालुक्याच्या सेंटरला कधी येणार, तेवढं सांगा. आमच्याकडे रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन बाहेरून आणायची चिठ्ठी हातात देतात. योजनेत आहे म्हणतात, आणि चिठ्ठीही देतात.

आणि डॉक्टर, 'प्रोटीन दोन प्लस'वर बरोबरची खूण पेशंटने केली का?

नेफ्रो_निवासी

नाही. ती आमच्याच लोकांनी केली. हे मान्य करावंच लागेल.

पूर्णाकाठ

इथे सगळे शुगर आणि बीपीवर बोलताहेत. आमच्याकडे या. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, बोअरचंही तेच. माझ्या चुलत्याला ना शुगर ना बीपी, तंबाखूचं व्यसन नाही, आयुष्यभर शेतात राबले. किडन्या गेल्या. गावात असे आणखी आहेत. आंध्रात उद्दानममध्ये हेच, श्रीलंकेत, निकाराग्वात, एल साल्वाडोरमध्ये हेच. कारण कुणी म्हणतं उष्णता, कुणी म्हणतं फवारणी, कुणी म्हणतं पाणी. निवडणूक आली की पाइपलाइनचं भूमिपूजन होतं.

तुमच्या त्या डापा चाचणीत लघवीत भरपूर प्रथिनं जाणारेच घेतले होते. आमच्या शेतमजुरांच्या आजारात प्रथिनं फारशी जातच नाहीत. मग तुमची गोळी आम्हाला लागू आहे की नाही, हे कोण सांगणार?

नेफ्रो_निवासी

त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिन गोळीच्या एम्पा-किडनी चाचणीत जीएफआर 20 ते 45 असलेल्यांना प्रथिनं जात नसली तरी घेतलं होतं. 6609 लोक होते. एकूण निष्कर्ष गोळीच्या बाजूचा आहे. पण उन्हात राबणाऱ्या शेतमजुराच्या आजारावर म्हणून वेगळी, पुरेशी मोठी चाचणी हवी, हा तुमचा मुद्दा मी खोडू शकत नाही.

ऊसपट्टा

निकाराग्वाचं नाव निघालं म्हणून लिहितो. तिथल्या ऊसतोड मजुरांवर झालेलं काम वाचा. औषध नाही, मशीन नाही. पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती. विश्रांतीच्या वेळा वाढवल्यावर मजुरांमधली किडनीची इजा कमी झाली. मी बीडचा आहे. आमच्याकडची कोयती पहाटे अंधारात फडात शिरते. पाण्याचा कॅन बैलगाडीपाशी, आणि मुकादम म्हणतो आधी गाडी भरा. बायका लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. आमच्या टोळ्यांत हंगामाच्या आधी आणि नंतर रक्त-लघवी तपासायला कुणाला किती खर्च येणार आहे? साखर कारखान्याला सहज झेपेल असा. या चर्चेत मला याहून महत्त्वाचं काही दिसत नाही.

रोखठोक_अण्णा

सगळं रडगाणं वाचलं. उपाय एकच, ट्रान्सप्लांट. डायलिसिसवर कुढत बसण्यापेक्षा घरात बोला. कुणी ना कुणी किडनी देतंच. एका किडनीवर माणूस छान जगतो.

एका_किडनीवाली

अण्णा, 'कुणी ना कुणी' म्हणजे कोण? भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका निम्म्याहून कितीतरी जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. मी मुलाला दिली, आनंदाने दिली, पुन्हा द्यायची वेळ आली असती तरी दिली असती. पण आमच्या घरात प्रश्न विचारलाच गेला नाही. माझ्या नवऱ्याचा रक्तगट तोच होता. त्यांची तपासणीसुद्धा झाली नाही. "ते कमावते आहेत" एवढ्यावर विषय संपला. मीही शिवणकाम करून कमवत होते.

रोखठोक_अण्णा

आता यातही बायका-पुरुष आणणार? माझ्या वडिलांनी माझ्या भावाला किडनी दिली, वयाच्या साठीत. पुरुषांना बीपी-शुगर जास्त, म्हणून ते बाद होतात, हे वैद्यकीय कारण आहे. डॉक्टरांना विचारा.

एका_किडनीवाली

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. खरंच. पण बाद व्हायला आधी तपासणीला जावं लागतं.

आणि 'छान जगतो' हे इतक्या सहज लिहू नका. अमेरिकेतला 2014 चा अभ्यास आहे: किडनी देणाऱ्यांपैकी दहा हजारांत 90 जणांची किडनी आयुष्यात कधीतरी निकामी होण्याचा धोका, तितक्याच निरोगी न देणाऱ्यांत 14. धोका लहानच आहे, पण आहे. कॅनडात ऑन्टारिओमधल्या अभ्यासात, किडनी दिल्यानंतरच्या 11 टक्के गरोदरपणांत बीपीचा त्रास झाला, न दिलेल्यांत 5 टक्के. धाकटी बहीण किंवा तरुण बायको दाता म्हणून उभी करताना हे तिला कुणी सांगतं? मला ऑपरेशननंतर वर्षभर बोलावलं, पुढे फोनसुद्धा नाही. मुलाची फाइल जाडजूड झाली आहे, माझी फाइलच नाही. दात्यांचं पुढे काय होतं याचा आपल्याकडचा अभ्यास करायचा असेल तर आधी दात्याला बोलवावं तरी लागेल ना.

नेफ्रो_निवासी

आकडे बरोबर आहेत. समुपदेशनात हे सांगायचं असतं. किती ठिकाणी नीट सांगतात, त्यावर मी इथे लिहिणार नाही. अण्णा, पुरुष वैद्यकीय कारणाने बाद होतात हे काही प्रमाणात खरं, पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. आणि रक्तगट जुळत नसेल तर 2011 च्या कायदादुरुस्तीपासून दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते, मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव नोंदवता येतं. सगळा भार घरातल्या एकाच बाईवर टाकायचं कारण नाही.

रोखठोक_अण्णा

ठीक आहे. दात्याची तपासणी आयुष्यभर फुकट आणि सक्तीची करा, याला माझा पाठिंबा लिहून घ्या. वडिलांनाही कुणी बोलावलं नव्हतं. बाकी मी बोललो त्यात चूक नाही.

पूर्णाकाठ

पाण्याचा विषय मागे पडला तो पडलाच.

सांगलीची

पूर्णाकाठ, मागे पडू देणार नाही, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.

दात्यांचं निघालं म्हणून सांगते. मीच नवऱ्याला किडनी देणार होते. रक्तगट जुळला, सगळं जुळलं. दात्याच्या तपासण्यांत माझ्याच लघवीत अल्ब्युमिन निघालं, पुन्हा केली तरी तेच. मी बाद. मला काहीच होत नव्हतं, आजही होत नाही. आता लोसार्टान आणि तीच डॅपाग्लिफ्लोझिन घेते. म्हणजे त्या पोस्टवाल्याची गोळी माझ्या हातात आहे आणि तिच्यावर माझा विश्वासही आहे. पण ती माझ्यापर्यंत आली कशी? नवऱ्याच्या किडन्या गेल्या म्हणून. तो आजारी पडला नसता तर माझी लघवी कुणी तपासली असती? सर्दी-खोकल्याला दहा डॉक्टर बघितले असतील मी.

माझं म्हणणं एवढंच आहे. नवीन गोळी शोधणारे हुशार लोक आहेत, त्यांना शोधू दे. पण ती गोळी कुणाला हवी आहे हे शोधायचं काम कुणाचंच नाही. आशाताई घरोघरी बीपी बघतात, शुगर बघतात. त्यांच्या पिशवीत लघवीची पट्टी ठेवली तर काय सापडतं, कितीजण पुढे डॉक्टरपर्यंत जातात, कितीजणांची गोळी वर्षभर टिकते, हे एका तालुक्यात करून मोजा. मला हे संशोधन हवं आहे.

नेफ्रो_निवासी

आशाताईंवर आधीच किती कामं आहेत ते बघता त्यांना वेगळा मोबदला दिल्याशिवाय हे सुचवू नका, एवढी दुरुस्ती. पट्टी ही चाळणी आहे. तिच्यात काही दिसलं तर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करावाच लागतो, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. बाकी मुद्दा पटला.

ऊसपट्टा

डॉक्टर, लॅबमध्ये नेमकं काय मागायचं? आमच्या टोळीतले बारा-पंधरा जण घेऊन जातो दिवाळीआधी.

नेफ्रो_निवासी

सकाळची पहिली लघवी, 'युरिन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो' असं कागदावर लिहून न्या. सोबत रक्तातलं सीरम क्रिएटिनिन, आणि रिपोर्टवर ईजीएफआर (अंदाजित जीएफआर) छापून मागा. आदल्या दिवशी जड काम नको, ताप असेल तर पुढे ढकला. अंगाने बारीक मजुरांत क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, त्यामुळे आकडा चांगला दिसला तरी लगेच निश्चिंत होऊ नका. ज्यांचा रेशो 30 च्या वर येईल त्यांची नावं नकोत, फक्त वय आणि आकडे मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. हंगाम संपल्यावर त्याच लोकांची पुन्हा करा.