मदत हवी आहे: अलाबामातल्या डॉक्टरच्या जमिनीची वाटणी कोणत्या वहीत?

डॅलस काउंटी. 1860 च्या शेतीगणनेत जमीन डॉक्टरच्या नावे, पण खरेदीखतांच्या वहीतल्या खरेदीदारांच्या सूचीत तो नाही. लँड ऑफिसची पेटंटं (सरकारने जमीन पहिल्यांदा देतानाची मालकीपत्रं) सेक्शन-टाउनशिप-रेंज या सरकारी मोजणीच्या पत्त्यानुसार पाहिली. ती सासऱ्याची निघाली. सासरा 1849 मध्ये मृत्युपत्राविना वारला, म्हणजे जमीन बायकोच्या वाट्याने आली असावी. अशा वाटणीचं खरेदीखत होत नाही, कोर्टाचा हुकूम असतो.

सासऱ्याच्या इस्टेटीची यादीही हवी. गुलामगणनेत मालकाचं नाव, गुलामांचं नुसतं वय-लिंग-वर्ण. डॉक्टरच्या रोजकीर्दीत मात्र ‘क्विनाइन, हॅना’ अशी गुलामांची नावं मळेवाल्याच्या खात्यावर आहेत, ती पडताळायचीत.

फक्त स्कॅनवर काम. 1850 मध्ये ऑर्फन्स कोर्ट (मयतांच्या इस्टेटी पाहणारं) जाऊन प्रोबेट कोर्ट आलं; तेव्हा अर्धवट प्रकरणं जुन्याच मिनिट बुकात (कोर्टाच्या कामकाजाच्या वहीत) पुढे चालली की नव्या वहीत? सूचीत मयताचं नाव शोधू की इस्टेटीसाठी नेमलेल्या कारभाऱ्याचं?