शेततळ्यात पांढरी माती लागली, केओलिन (चिनी माती) असेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. शेततळ्यासाठी पोकलेन लावला होता. वरची काळी माती आणि मुरूम निघाल्यावर खाली हातभर जाडीचा पांढरा थर लागला. वाळला की बोटांना पिठी लागते, मध्ये मध्ये सुपारीएवढे टणक खडे आहेत. एक एजंट म्हणतो, "ही चिनी माती आहे, मोरबीचे टाइल्सवाले हातोहात उचलतील." पण आधी 'टेस्टिंग'चे पैसे मागतोय. थोरल्या भावाचं डोकं दुसरीकडेच चाललंय: आंबिया बहराची फळं उन्हानं भाजू नयेत म्हणून आपण केओलिन विकत आणून फवारतो, मग हीच चाळून का मारू नये?

घरी ओळखायची काही रीत आहे का? आणि आपल्या भागात केओलिन मिळू शकतं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

एजंटला तूर्त एक रुपयाही देऊ नका.

केओलिन बहुतेक ग्रॅनाइटसारख्या फिकट खडकातून तयार होतं. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजातून पाणी पोटॅशियम, सोडियम धुऊन नेतं आणि मागे ॲल्युमिनियम, सिलिका आणि पाणी यांचं केओलिनाइट, म्हणजे केओलिनचं मुख्य खनिज, उरतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला ग्रॅनाइटच्या भेगांतून फिरलेल्या गरम द्रवांनीही हे काम केलं. तिथे माती जागच्या जागी आहे, पाण्यानं धुऊन ती क्वार्ट्झच्या वाळूतून वेगळी करतात. अमेरिकेतल्या जॉर्जियात तीच माती नद्यांनी वाहून आणून जुन्या किनाऱ्यालगत साठवली, म्हणून तिथले थर गाळाचे. आपल्याकडे केरळ, गुजरात, राजस्थान, झारखंड, बंगाल इथे साठे आहेत. महाराष्ट्रात सिंधुदुर्गात मिळते.

आता सोलापूर. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, आहे. फेल्डस्पार त्यातही असतो, पण बरोबर लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर. महाबळेश्वरासारखा पाऊस असेल तर हे सगळं धुऊन जांभा होतो. त्यात केओलिनाइट असतं, पण लोहामुळे तांबडं. आपल्याकडे पाऊस कमी, त्यामुळे धुऊन जायला हवं ते जमिनीतच राहतं आणि स्मेक्टाइट गटाची चिकणमाती बनते. पावसाळ्यात फुगणारी नि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पाडणारी आपली काळी जमीन तीच. पाण्यात विरघळलेला चुना मात्र खाली उतरतो आणि पाणी सुकलं की तिथेच बसतो. मधले टणक खडे वाचूनच मला चुनखडीचा वास आला.

खात्री करायची तर वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना. दुसरं ढेकूळ ग्लासभर पाण्यात सोडा. फुगून बुळबुळीत झालं तर स्मेक्टाइट. केओलिन पाण्यात विस्कटतं, पण तसं फुगत नाही. खात्रीचा निकाल एक्स-रे डिफ्रॅक्शनचाच (क्ष-किरण टाकून खनिज ओळखायची प्रयोगशाळेतली चाचणी). माती परीक्षणाच्या नेहमीच्या रिपोर्टात सामू आणि अन्नद्रव्यं कळतात, चिकणमातीचं खनिज कोणतं ते नाही.

प्रतिसाद २

माझी हयात सोलापुरात सायझिंगमध्ये, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ द्यायच्या कामात, गेली. पूर्वी ताण्याच्या खळीत स्टार्चबरोबर चायना क्ले पडायची, सुताला वजन यायचं. पोतं फोडून माल चिमटीत चोळायचा. वाळूचा कण लागला की परत, कारण तो कण फणीत सूत कापतो. सांगायचं म्हणजे या मातीत पांढरेपणा आणि बारीकपणा यांचेच पैसे मिळतात. कागदावर चकाकी आणायला, रंगात, रबरात, भांड्यांत सगळीकडे तेच. लोह जरा जास्त असलं तरी भाजल्यावर पिवळट दिसतं आणि भाव पडतो. जवळच्या कुंभाराच्या भट्टीत एक गोळा ठेवून बघा की ओ, फुकटात कळेल.

आणि शेत तुमचं असलं तरी केओलिन काय, हे चुन्याचे खडे काय, दोन्ही गौण खनिजंच. विकायची तर परवानगी आणि रॉयल्टी आली. एजंट याबद्दल बोलला का?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. व्हिनेगर टाकताच जोरात फसफसलं. पाण्यातलं ढेकूळ फुगलं नाही, तळाशी नुसती पांढरी रेती बसली. एजंटला परवान्याचं विचारलं, तर तो आता फोन उचलत नाही. पण थोरला अजून म्हणतोय, पांढरं ते पांढरं, उन्हाला अडवेलच की. काय करू?

प्रतिसाद १

फवारू नका. फवारणीचं केओलिन धुऊन, वाळू काढून, अगदी बारीक केलेलं असतं, म्हणून फळावर त्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि ऊन परावर्तित होतं. तुमच्या मातीतले कण नोझल झिजवतील आणि कोवळ्या सालीवर ओरखडे काढतील. शिवाय कीटकनाशकाच्या टाकीत चुना गेला तर द्रावणाचा सामू चढून औषधाचा जोर कमी होऊ शकतो. विकतच्या केओलिनचं प्रमाण नि वेळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातून विचारून घ्या.

निघालेली पांढरी माती बागेत पसरू नका, जास्त चुन्यात झाडाला लोह मिळत नाही आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात. बांधाच्या रस्त्याला टाका. आणि तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरायच्या आधी ते टणक खडे वेचून घ्या, नाहीतर कागद फाटेल.