मदत हवी आहे : आई-अण्णांसाठी जुनी बोट की नवी?

सावद्याहून विचारतोय. आई-अण्णांना क्रूझवर न्यायचंय. अण्णांनी आजवर बोट पाहिली ती हतनूर धरणात, मासेमारीची! मुंबईची कॉर्डेलिया एम्प्रेस १९९० ची, तशी लहान. अमेरिकेतला मेहुणा म्हणतो, इकडे या, नवीन अवाढव्य बोटी बघा. २००९ च्या ओएसिस ऑफ द सीजमध्ये बोटीच्या मधोमध उघडी बाग केलीय, काही बाल्कन्या समुद्राऐवजी झाडांकडेच उघडतात. झाडंच बघायची तर घरची केळीची बाग काय वाईट?

दोन्हीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा : पहाटे कठड्याकडेनं मोकळं चालता येतं का? जेवणाचा हॉल खोलीपासून किती लांब? आईचे गुडघे धरतात. लहान बोट जास्त हलते का? आणि बिनखिडकीची खोली घेऊ का? आई घरीसुद्धा दार लोटून झोपत नाही.