केएलएफ: जुन्या रेकॉर्डी आणि पुस्तकं, सुरुवात कुठून करू?

सांजवारा

स्टार टीव्हीवर एमटीव्ही नवं नवं दिसायला लागलं तेव्हा मी शाळेत होते. केएलएफ या ब्रिटिश बँडचं 'जस्टिफाइड अँड एन्शंट' हे गाणं त्या वेळी डोक्यात बसलं ते कायमचं. टॅमी वायनेटसारखी कंट्री गाणारी बाई, खाली ठेका मात्र नाचाचा, आणि गाण्यात कुठल्याशा आइस्क्रीमच्या गाडीची गोष्ट! नंतर या मंडळींचं नावच ऐकू येईना. आता स्ट्रीमिंगवर थोडी गाणी मिळाली, ती ऐकून झाली. पण जुने चाहते म्हणतात की खरा माल तिथे नाहीच. कोणत्या मूळ रेकॉर्डी शोधू? पुस्तकं कोणती वाचू? कुणाकडे दुर्मिळ काही असेल तर त्याबद्दल इथे जरूर लिहा.

मर्सीकाठ

सांजवारा, धागा काढलात म्हणून मनापासून आभार. मराठीत या विषयावर बोलायला कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. मी लिव्हरपूलला राहतो आणि केएलएफच्या रेकॉर्डी जमवतो.

नाव ऐकू येईनासं झालं त्याला कारण आहे. केएलएफ म्हणजे बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी. या दोघांनी १९९२च्या फेब्रुवारीत ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या मंचावर एक्स्ट्रीम नॉइज टेरर या कर्कश पंक बँडला सोबत घेऊन '३ एएम इटर्नल' वाजवलं. ड्रमंडने प्रेक्षकांवर मशीनगनमधून खोट्या गोळ्या झाडल्या. मे महिन्यात त्यांनी संगीतव्यवसाय सोडल्याचं जाहीर केलं आणि ब्रिटनमधल्या आपल्या सगळ्या रेकॉर्डी बाजारातून काढून घेतल्या. लेबल त्यांचं स्वतःचंच होतं, त्यामुळे दुसरी कुठली कंपनी त्या पुन्हा छापण्याचा प्रश्नच नव्हता. २०२१च्या १ जानेवारीला 'सॉलिड स्टेट लॉजिक १' हा त्यांच्या गाण्यांचा संग्रह स्ट्रीमिंगवर आला, तोपर्यंत जवळजवळ एकोणतीस वर्षं हे संगीत जगलं ते जुन्या प्रतींवर आणि चाहत्यांनी एकमेकांना करून दिलेल्या टेपांवर. एका पिढीला हा बँड माहीत आहे तो या टेपांमुळे, आणि मला याचं फार अप्रूप आहे.

आता शोधायचं काय? माझं उत्तर ठाम आहे: १९९०चं 'चिल आउट', मुखपृष्ठावर मेंढ्या असलेलं. सुमारे ४४ मिनिटांचा एकच सलग प्रवास, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याने, टेक्सासहून लुइझियानाकडे, रात्रीचा. आगगाड्या जातात, रेडिओवरचे धर्मोपदेशक बोलतात, सैबेरियातल्या तुवाचे खर्जात गाणारे गायक येतात, स्टील गिटार दूर कुठेतरी वाजत राहते. आणि त्यातूनच एल्व्हिसचं 'इन द घेटो' वर येतं, शेजारच्या गाडीतल्या रेडिओवर लागल्यासारखं. ठेका जवळजवळ नाहीच. रात्रभर नाचून पहाटे दमलेल्या लोकांसाठी केलेलं हे काम आहे, आणि माझ्या मते या दोघांनी याहून सुंदर काही केलं नाही.

त्याआधीचं, ते 'द जॅम्स' (जस्टिफाइड एन्शंट्स ऑफ मू मू) या नावाने काम करत तेव्हाचं, १९८७चं पहिलं अल्बम खरोखर दुर्मिळ. त्यात आबा या स्वीडिश बँडच्या 'डान्सिंग क्वीन'चे मोठे तुकडे परवानगी न घेता वापरले होते. तक्रार झाली आणि अल्बम मागे घ्यावं लागलं. आबाला भेटून समजूत घालावी म्हणून हे दोघे गाडी घेऊन स्वीडनला गेले. भेट काही झाली नाही. उरलेल्या बऱ्याच प्रती त्यांनी तिथल्या शेतात जाळल्या आणि काही परतीच्या बोटीवरून समुद्रात टाकल्या.

पण मला त्यापेक्षा मोलाची वाटते ती त्याच वर्षी निघालेली '४५ एडिट्स' ही १२ इंची रेकॉर्ड. वादग्रस्त तुकडे काढून टाकलेले, त्या जागी शांतता, आणि कव्हरवर सूचना: कोणत्या क्षणी स्वतःची कोणती रेकॉर्ड लावलीत की मूळ अल्बम घरी तयार होईल. त्यासाठी तीन टर्नटेबल, रेकॉर्डींचा ढीग, टीव्ही आणि व्हिडिओ हवा. ऐकणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारी दुसरी रेकॉर्ड मला माहीत नाही. माझ्याकडे ती आहे, कव्हरच्या मजकुराचा फोटो व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवतो.

शिवाय एक्स्ट्रीम नॉइज टेररसोबतचं '३ एएम इटर्नल' पोस्टाने विकलेलं, १००० प्रतींचं. किंमत अवाच्या सवा, आणि हौस असेल तरच घ्या.

पोटमाळा

वाचनखूण साठवली. पुस्तकांचं मी सांगते.

आधी ड्रमंडचं '४५' (२०००) वाचा. वयाच्या पंचेचाळिशीत लिहिलेले छोटे छोटे लेख आहेत, अगदी साध्या भाषेत. माणूस कळला की रेकॉर्डी आपोआप कळतात. मग जॉन हिग्ज यांचं केएलएफवरचं पुस्तक. ते १९७६ सालच्या लिव्हरपूलपर्यंत मागे जातं. नाट्यदिग्दर्शक केन कॅम्बेल यांनी तिथे 'इल्युमिनेटस!' ही कादंबरीमालिका रंगमंचावर आणली, नेपथ्य तरुण ड्रमंडचं. 'जस्टिफाइड एन्शंट्स' हे नाव त्याच कादंबऱ्यांतलं.

'द मॅन्युअल' (१९८८) मात्र स्वतंत्र चीज. त्यांचं 'डॉक्टरिन द टार्डिस' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेल्यावर, ते कसं जमवायचं हे दोघांनी पायरीपायरीने लिहून काढलं. पहिली अट अशी की तुम्ही कफल्लक आणि बेकार असलं पाहिजे! एडलवाइस या ऑस्ट्रियन मंडळींनी तो सल्ला मानून खरंच हिट गाणं काढलं. मूळ छपाई महाग आहे, १९९८ची आवृत्ती बघा.

या दोघांनी स्वतःचे दहा लाख पौंड जाळले (स्कॉटलंडचं जुरा बेट, २३ ऑगस्ट १९९४), त्याबद्दल क्रिस ब्रूक यांनी संपादित केलेलं पुस्तक माझ्याकडे आहे. जाळण्याची फिल्म गावोगावी दाखवल्यावर लोक काय काय बोलले ते त्यात आहे. पुण्यात असाल तर वाचायला देईन.

सांजवारा

दोघांचेही खूप आभार! पोटमाळाताई, पुण्यातच आहे, व्यनि करते. मर्सीकाठ, एक शंका. स्ट्रीमिंगवर 'कम डाउन डॉन' आहे, ते म्हणजे 'चिल आउट'च ना? मग जुनी प्रत कशाला?

मर्सीकाठ

नाही, ते २०२१ साली नव्याने बांधलेलं आहे. परवाना नसलेले तुकडे काढले, म्हणजे एल्व्हिस गेला, फ्लीटवुड मॅकचं 'अल्बट्रॉस' गेलं, अ‍ॅकर बिल्कची क्लॅरिनेटही गेली. स्टील गिटार आणि आगगाड्या आहेत, ऐकायलाही छान आहे. पण ओळखीचं गाणं अंधारातून जवळ येऊन परत लांब जातं, ती गंमत त्यात उरली नाही, आणि माझ्या लेखी 'चिल आउट' म्हणजे तेवढंच.

म्हणून जुनी प्रतच घ्या. सीडीसुद्धा चालेल, उलट ती बरी, कारण मध्ये बाजू बदलावी लागत नाही. ब्रिटिश एलपीवर 'जॅम्स एलपी ५' हा क्रमांक असतो, अमेरिकन प्रत वॅक्स ट्रॅक्स लेबलची. या अल्बमच्या नकली प्रतीही फिरतात, तेव्हा विकणाऱ्याकडून लेबलचे आणि आतल्या कडेला कोरलेल्या अक्षरांचे स्पष्ट फोटो मागवा. पैसे देण्याआधी ते मला पाठवा, माझ्या प्रतीशी ताडून सांगतो.