राक्षसीण म्हटलं की सुळेच का दिसतात?

पारलेकरीण: मुलांच्या नाटुकल्यासाठी गलिव्हरच्या दुसऱ्या सफरीतला तुकडा मराठीत आणतेय (मूळ पुस्तक १७२६चं). त्यातली ग्लमडालक्लिच नऊ वर्षांची, जेमतेम चाळीस फूट, आणि तिकडच्या मानाने बुटकी! गलिव्हरला बाहुलीसारखी जपते. मी 'राक्षसीण' लिहिलं, तर तालमीत एकीने विचारलं, "मग ती त्याला खाणार कधी?" नुसता आकार सांगणारा शब्द हवाय.

गिरगावचा गोट्या: चाळीस फूट म्हणजे आमच्या चाळीत उभ्या उभ्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डोकावेल. सरळ 'धिप्पाड पोर' म्हणा.

शुद्धमती: 'महाकाया'. संस्कृत हाताशी असताना अडायचं कशाला?

गिरगावचा गोट्या: पोरं लगेच हात जोडून 'वक्रतुंड' सुरू करतील.

कल्याण स्लो: आमची आजी दांडग्या बाईला 'कैदाशीण' म्हणायची. हा शब्द रावणाच्या आईवरून, कैकसीवरून आला असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नये.

शुद्धमती: 'क'चा 'द' कुठल्या नियमाने झाला?

कल्याण स्लो: ताटकेची त्राटिका झाली त्याच.

शुद्धमती: ती ताटकाच. वाल्मीकींकडे त्राटिका नाही.

दादरकर: वाल्मीकींकडे नसेल, मराठीत आहे. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरची कजाग नायिका मराठीत आणली तेव्हा नाटकाचं नावच 'त्राटिका' ठेवलं. आता त्या शब्दात आकार उरलाच नाही, नुसती जीभ उरली. आमच्या सोसायटीतली त्राटिका पाच फूटसुद्धा नाही. बाकी ताटका मुळात यक्षाची मुलगी, हजार हत्तींचं बळ असलेली. अगस्त्यांच्या शापाने राक्षसी झाली. 'जखीण' हा शब्द यक्षिणीवरूनच आलाय, तो घ्या.

पारलेकरीण: जखीण?! आमच्या निम्म्या पोरी कोकणातल्या आहेत हो. रात्री झोपायच्या नाहीत.

शुद्धमती: मग 'राक्षसीण'च ठेवा. उत्तरकांडात ब्रह्मदेवाने निर्माण केलेल्यांपैकी जे 'रक्षाम:' म्हणाले ते राक्षस. ग्लमडालक्लिच म्हणजे तिकडच्या भाषेत 'छोटी दाई'. रक्षणच तर करते ती!

गिरगावचा गोट्या: ही व्युत्पत्ती तालमीतल्या त्या पोरीला कोण सांगणार? तुम्ही येताय का?

दादरकर: हिडिंबा पण राक्षसीच, तरी कुंतीला सून म्हणून चालली. मनालीला देऊळ आहे तिचं.

पारलेकरीण: शुक्रवारी रंगीत तालीम आहे. कुणीतरी शब्द द्या.

कल्याण स्लो: आजी 'राक्षशीण' म्हणायची, 'श' लावून. कैकसीची कैकशीण, तिची कैदाशीण. झाला की पुरावा.

शुद्धमती: 'स'चा 'श' मान्य. 'क'चा 'द' अजून बाकी आहे.